पाणीपट्टी : माफी आणि मदत

आज पाणीपट्टीवर बोलायचे आहे. हा विषय निघाला की बहुतेकांना मार्च महिना आठवतो. ग्रामपंचायतीचा शिपाई दारात उभा, हातात पावतीपुस्तक, आणि घरातून उत्तर, ‘मालक बाहेर गेले आहेत.’ मी राजुरा तालुक्यातल्या वेगवेगळ्या गावांत ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. शासनाने २०२४ मध्ये या पदाचे नाव बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे केले. आमच्या काळात लोक ग्रामसेवकच म्हणत, आणि वसुलीच्या दिवसांत त्याहून वेगळेही काही म्हणत असतील. ज्या घरात खरोखरच पैसा नाही, त्या घराच्या पाणीपट्टीचे काय करायचे? सरकार मदत करते का, आणि करत असेल तर ती कोणाच्या हातात पडते? या प्रश्नांचा विचार आज आपण करू.

प्रथम ही पट्टी म्हणजे काय ते पाहू. ग्रामपंचायत दोन प्रकारची पाणीपट्टी घेते. एक सामान्य पाणीपट्टी. गावात हातपंप, विहीर, सार्वजनिक नळ आहे, त्याचा उपयोग सर्वांना होतो, म्हणून ती घरोघर बसते आणि ती किरकोळ असते. दुसरी विशेष पाणीपट्टी. ज्याच्या घरात स्वतंत्र नळ आहे, त्याने ती द्यायची. ही रक्कम मोठी असते. मागणीची नोंद नमुना ९ मध्ये होते आणि पैसे भरले की नमुना १० ची पावती मिळते.

पूर्वी आमच्या भागातल्या गरीब वस्तीत घरगुती नळ थोडे होते. बायका हातपंपावर किंवा सार्वजनिक नळावर पाणी भरत. कष्ट खूप होते, पण विशेष पाणीपट्टीचा प्रश्न नव्हता. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी प्रत्येक घरात नळाने द्यायचे, असे त्याचे उद्दिष्ट. चांगलीच गोष्ट आहे. ज्या बाईने वीस वर्षे डोक्यावर हंडे वाहिले, तिला दारातल्या तोटीची किंमत कोणी सांगायला नको. मात्र घर तेथे नळ आला की घर तेथे बिलही येते. जी कुटुंबे आजवर विशेष पाणीपट्टीच्या यादीत नव्हती, ती आता या यादीत आली आहेत.

या मिशनमध्ये टाकी, जलवाहिनी, पंप यांसाठी केंद्र आणि राज्य पैसा देतात. गावाने आपला वाटा म्हणून खर्चाच्या १० टक्के द्यायचे. डोंगराळ, जंगलव्याप्त किंवा अनुसूचित जाती-जमातींची निम्म्याहून अधिक वस्ती असलेल्या गावांना तो ५ टक्के. पैशाऐवजी श्रमदानही चालते. पण योजना उभी राहिल्यानंतर पंपाचे वीजबिल, नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, ब्लीचिंग पावडर, फुटलेली वाहिनी हा खर्च गावाचाच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला काही भाग पाण्यासाठी राखीव ठेवला गेला, त्याचा आधार मिळाला. तरी रोजचा गाडा पाणीपट्टीवरच चालतो. वसुली थांबली की वीजबिल थकते, वीजबिल थकले की जोडणी तुटते, आणि मग ज्याने पट्टी भरली त्याचाही नळ कोरडा पडतो. म्हणून ‘गरिबांकडून घेऊच नका’ असे म्हणणे सोपे असले तरी तेवढ्याने भागत नाही. तो पैसा कोठून तरी यावाच लागतो.

आता थकबाकी का होते ते पाहू. समजा एखाद्या गावात घरगुती नळाची पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये आहे. म्हणजे महिन्याला शंभर. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज २७५ लिटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ एक लाख लिटर पाणी मिळाले, तर एका लिटरला सव्वा पैसासुद्धा पडत नाही. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने वर्षाची पाणीपट्टी चार दिवसांची मजुरी झाली. मग चार दिवसांची मजुरी वर्षभरात का निघत नाही, असे शहरातला माणूस विचारील.

त्याचे उत्तर आमच्याकडच्या वर्षात आहे. राजुऱ्याच्या मजुराच्या हातात पैसा येतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत, दसरा-दिवाळीपासून पुढे पौषापर्यंत. सोयाबीनची कापणीही त्याच सुमारास. त्यानंतर गावात काम उरत नाही. मग कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. लक्कडकोट ओलांडले की हद्द लागते. नवरा, बायको, शाळेतले पोरही कधी कधी सोबत. ती परततात उन्हाळ्यात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि जूनमध्ये हाती असेल ते बी-बियाण्यात. आणि आमची वसुली कधी? मार्चमध्ये. आर्थिक वर्ष संपते म्हणून पंचायत समितीकडून रोज विचारणा, किती टक्के झाली, किती टक्के राहिली. ज्या महिन्यात गरिबाच्या घराला कुलूप असते, नेमक्या त्याच महिन्यात आम्ही त्याच्या दारात जात होतो. जानेवारीत निघताना एखादा रस्त्यात भेटून सांगायचा, “मिरची तोडाले चाललो जी साहेब, आल्यावर देतो.” तो खोटे बोलत नसे. पण परत आल्यावर उधारीवाले आधीच दारात बसलेले असत, आणि आमचे दप्तर तोवर पुढच्या वर्षात गेलेले असे. त्याच्या नावापुढे ‘मागील थकबाकी’ या रकान्यात आकडा चढे. अशी पाच वर्षे गेली की १,२०० चे ६,००० होतात. चार दिवसांची मजुरी मग वीस दिवसांची होते.

या थकबाकीची किंमत पैशापेक्षा मोठी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ मध्ये अशी तरतूद आहे की, रीतसर बिल बजावल्यानंतर तीन महिन्यांत ज्याने पंचायतीचा कर किंवा फी भरली नाही, तो सदस्य होण्यास अपात्र ठरतो. तरतुदीमागचा हेतू समजण्यासारखा आहे; कर बुडवणाऱ्याने गावाचा कारभार करू नये. पण ती सर्वांना सारखी लागत असली तरी सर्वांना सारखी झोंबत नाही. सधन माणूस अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी खिशातून पैसे काढतो. महिला राखीव जागेवरून उभ्या राहू पाहणाऱ्या एका मजूर बाईला मी बचत गटातून कर्ज काढून पाच वर्षांची पट्टी भरताना पाहिले आहे. पावती घेताना ती म्हणाली, “साहेब, निवडून नाई आली तरी कर्ज फेडाच लागन ना जी.” निवडणूक तिने जिंकली की हरली हे येथे महत्त्वाचे नाही. पंचायतीत बसण्याआधी तिला मोजावी लागलेली रक्कम शेजारच्या वाड्यातल्या उमेदवाराला जाणवलीही नव्हती.

शिवाय अनेक ठिकाणी दाखला मागायला गेले की आधी कराची पावती विचारतात. थकबाकीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात. तेथे तडजोडीचीच भाषा असते, पण न्यायालयाच्या नावाची नोटीस हातात पडली की न शिकलेले माणूस रात्रभर झोपत नाही. आणि ज्याचा नळ बंद होतो, तो काही पाणी पिणे बंद करीत नाही. तो वीस लिटरची कॅन विकत घेतो. तिचे वीस रुपये धरले तरी लिटरला एक रुपया झाला, म्हणजे नळाच्या पाण्याच्या ऐंशीपटीहून अधिक. नाही तर तो जुन्या हातपंपाकडे वळतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड प्रमाणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. दात पिवळे पडणे, हाडे धरणे ही त्याची लक्षणे आमच्याकडच्या लोकांना परिचित आहेत. अशा गावात नळ तुटणे म्हणजे माणसाला पुन्हा त्याच पाण्याकडे पाठवणे होय.

आता सरकारच्या मदतीकडे येऊ. आपल्याकडे ही मदत बहुधा ‘माफी’च्या रूपाने येते. मुंबई महानगरपालिकेने २०२० मध्ये पाण्याच्या थकीत बिलांवरील अतिरिक्त आकार माफ करण्यासाठी अभय योजना आणली. नगरपरिषदांच्या हद्दीत मालमत्ता करावरची शास्ती माफ करण्याच्या अभय योजनेला मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. ग्रामीण भागासाठीही, १७ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या काळात, थकीत घरपट्टी-पाणीपट्टीत निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. अट अशी की, चालू वर्षाची पट्टी पूर्ण भरायची आणि उरलेली निम्मी थकबाकी एकरकमी द्यायची.

या सवलतीने पंचायतींच्या तिजोरीत अडकलेला पैसा आला, हे मान्य करायला हवे. पण आपल्या उदाहरणातल्या मजुराला ती कशी पडते ते पाहा. त्याची थकबाकी ६,०००. निम्मी माफ, राहिले ३,०००. चालू वर्षाचे १,२००. म्हणजे सवलत घेण्यासाठी त्याच्या हातात एकाच वेळी ४,२०० रुपये हवेत. तेरा-चौदा दिवसांची मजुरी, घरखर्चाला एक पैसा न लावता! ज्याच्याकडे एवढी रक्कम एकदम असते, तो बहुधा गरीब नसतो. दुकानदार, नोकरदार, ज्याने मुद्दाम पट्टी थांबवली होती, असा माणूस या सवलतीचा लाभ सहज घेतो. आणि त्याच गल्लीतली एखादी विधवा, जिने भाजी विकून दरवर्षी पट्टी भरली, तिला काय मिळते? काहीच नाही. तिच्या नावावर थकबाकीच नाही, मग माफी कशाची? पुढच्या वर्षी ती मला नाही, पण माझ्या जागी आलेल्याला विचारील की, भरून मी चूक केली काय जी?

माझे म्हणणे एवढेच आहे. माफी थकबाकीकडे पाहून दिली जाते; मदत घराकडे पाहून द्यायला हवी. माफी वर्षे उलटल्यावर येते. मदत बिल येते त्याच दिवशी मिळायला हवी.

इतरांनी काय केले? दिल्लीत २०१५ पासून मीटर असलेल्या घरांना महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत झाले. त्याहून वापर वाढला की पूर्ण पाण्याचे बिल. आमच्या शेजारच्या हैदराबादेत जानेवारी २०२१ पासून तेवढ्याच पाण्याची सवलत आली. गोव्याने १५ ऑगस्ट २०२१ रोजी १६ हजार लिटरपर्यंतच्या मोफत पाण्याची घोषणा केली. या योजना सोप्या आहेत. अर्ज नाही, दाखला नाही. पण त्यांत बंगल्यातल्या दोन माणसांना फुकट पाणी मिळते आणि एकाच नळावर तीन बिऱ्हाडे असलेल्या चाळीचे मीटर मर्यादा ओलांडते. शिवाय महानगराच्या तिजोरीला झेपते ते तीनशे घरांच्या ग्रामपंचायतीला झेपणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे क्वाझुलू-नाताल प्रांतात काही वस्त्यांत पूर्वी फुकट मिळणाऱ्या पाण्याला पैसे लागले, न भरणाऱ्यांचे नळ बंद झाले आणि लोक नदीकडे वळले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये कॉलरा सुरू झाला. एक लाखाहून अधिक लोकांना त्याची लागण झाली. त्याच काळात सरकारने प्रत्येक कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण जाहीर केले आणि २००१ पासून ते अमलात येऊ लागले. आठ माणसांच्या घराला माणशी रोज पंचवीस लिटर, असा तो हिशेब होता.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशाने वेगळी वाट धरली. १९८९ च्या कायद्याने तेथे गरीब कुटुंबे निवडली जातात आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पाणीबिलाचा एक हिस्सा नगरपालिका सरकारी पैशातून थेट पाणी कंपनीला देते. उरलेला हिस्सा कुटुंब भरते. म्हणजे योजनेचा पैसा बुडत नाही आणि कुटुंबाचा नळही तुटत नाही. अमेरिकेनेसुद्धा कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, गरीब घरांच्या पाणीबिलांसाठी सुमारे १.१ अब्ज डॉलरचा कार्यक्रम प्रथमच आखला. पैसा पाणी पुरवणाऱ्या संस्थांना परस्पर दिला गेला. पण तो तात्पुरता होता. निधी संपला आणि कार्यक्रमही संपला. एवढ्या श्रीमंत देशातही पाण्याच्या बिलापायी अडणारी घरे आहेत, हे त्यातून दिसले.

आपल्या गावांना यातले काय घेता येईल? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची, आणि तिला सरकारचा एक रुपयाही लागत नाही. पाणीपट्टी वर्षातून एकदा मार्चमध्ये मागण्याऐवजी महिन्याला शंभर रुपये घ्या, किंवा कापसाच्या दिवसांत दोन हप्त्यांत घ्या. आता पुष्कळ घरांत थोडा का होईना महिन्याचा पैसा येतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे मानधन आहे, जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे सुरू झाले. शंभराची नोट बाईच्या हातून सुटते; बाराशे सुटत नाहीत. पावती मात्र प्रत्येक हप्त्याची द्यायला हवी.

दुसरी गोष्ट खर्चाची. पाणीपट्टी कमी ठेवायची तर पंपाचे वीजबिल कमी व्हायला हवे. आमचा भाग कोळशाचा आणि चुनखडीचा. २०१५ च्या कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणींकडून त्यात पैसा जमा होतो. त्या निधीचा किमान ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च करावा, असे केंद्राच्या २०१५ च्या मूळ सूचनांत होते. खाणींनी बाधित गावांनी नव्या टाकीइतकाच सौर पंपाचाही आग्रह धरावा. टाकीचे उद्घाटन एकदा होते, वीजबिल दर महिन्याला येते.

तिसरी गोष्ट सरकारने करायची आहे. अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या घरांची यादी गावात आधीच तयार आहे. नवे सर्वेक्षण नको. या घरांची निम्मी पाणीपट्टी राज्याने वर्षाच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा खात्यात भरावी. समजा तीनशे घरांच्या गावात अशी तीस घरे आहेत. वर्षाला घरटी ६०० रुपये, म्हणजे गावाला १८,००० रुपये. ही रक्कम मोठी नाही, पण तेवढ्यावर तीस घरे थकबाकीच्या रकान्यात जाण्यापासून वाचतील. त्यांनी आपला अर्धा वाटा भरावा, म्हणजे नळाला पाणी आले नाही तर जाब विचारण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहील. फुकट घेणाऱ्याला आपल्याकडे लोक बोलू देत नाहीत, हे मी ग्रामसभेत पुष्कळदा पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, अंत्योदयच्या यादीत सधन माणसेही घुसलेली असतात. असतात. म्हणूनच ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे. कोणाच्या घरी काय आहे, हे गावाला तहसील कार्यालयापेक्षा अधिक ठाऊक असते. कोणी म्हणेल, पाणीच दिवसाआड येते, मग पट्टी कशाला? हा प्रश्न रास्त आहे. ज्या महिन्यात नळ कोरडा राहिला, त्या महिन्याचे पैसे मागण्याचा नैतिक अधिकार पंचायतीला राहत नाही. महिन्याच्या हप्त्याने ही गोष्टही उघड होईल. वर्षाच्या एकरकमी बिलात कोरडे महिने दिसत नाहीत.

१५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना, बेकायदा झोपडीत राहणाऱ्या माणसालाही पाण्यावाचून ठेवता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका घेतली. झोपडीचा हक्क मिळत नाही, पण पाणी मिळते. मग ज्याची झोपडी कायदेशीर आहे, ज्याचे नाव नमुना ९ मध्ये आहे, पण ज्याचा मार्च महिना परमुलखात मिरचीच्या शेतात जातो, त्याचा नळ केवळ तारखेमुळे तुटावा, हे कोणत्या न्यायात बसते?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना गावोगावी ग्रामसभा होते. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. आपल्या योजनेचे महिन्याचे वीजबिल किती? आणि पाणीपट्टी हप्त्याने घ्यायला ठराव का होऊ नये? हे प्रश्न शक्यतो घरातल्या बाईने विचारावेत. पाणी ती भरते, आणि शंभराची नोटही बहुधा तिच्याच लुगड्याच्या गाठीत असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)